एका पातेल्यातला खावसा

आमच्या घरी रात्री जेवायला पाच माणसं आणि पाचांची पाच तोंडं. आई ब्याऐंशीची, तिला तिखट चालत नाही आणि लांब काही चावता येत नाही. मुलाला तिखटाशिवाय घास उतरत नाही. मुलगी भाजी निवडून ताटाच्या कडेला ठेवते. बायको परिचारिका आहे. दुपारची पाळी असली की ती साडेदहाला घरी येते आणि तेव्हा तिला गरम काहीतरी लागतं. तिच्या दुपारच्या पाळीच्या दिवसांत स्वयंपाक माझ्याकडे असतो. अशा दिवशी आठवड्यातून एकदा तरी मी खावसा करतो. पातेलं एकच, पण प्रत्येकाला आपल्या चवीचं जेवण मिळतं, आणि मोरीत घासायला भांड्यांचा ढीग पडत नाही.

खावसा म्हणजे नारळाच्या दुधातल्या, बेसन लावलेल्या पिवळ्या रश्शातल्या नूडल्स. पदार्थ मूळचा ब्रह्मदेशचा. तिकडे त्याला ओन नो खाऊक स्वे म्हणतात, म्हणजे नारळाच्या दुधातल्या नूडल्स. हॉटेलांत तो खाऊ सुए नावाने मिळतो. मला मात्र तो खेतवाडीतल्या आमच्या चाळीत, शेजारच्या बांकडून मिळाला. बा गुजराती होत्या. त्यांचा जन्म रंगूनचा, नवऱ्याचं तिथे कापडाचं दुकान होतं. 1962 मध्ये तिथे लष्कराने सत्ता घेतली, पुढे दुकानं सरकारजमा झाली आणि हजारो भारतीय कुटुंबांना निघावं लागलं. बा दोन मुलांना घेऊन बोटीने मद्रासला उतरल्या आणि तिथून आगगाडीने मुंबईला आल्या. सोबत फारसं काही आणू दिलं नव्हतं. हा रस्सा मात्र त्यांच्या हातात होता.

माझी आई रत्नागिरीची. लग्न होऊन ती गिरगावात आली आणि गॅलरीत बांशी पहिल्यांदा बोलली, तेव्हा ब्रह्मदेशचं नाव ऐकताच तिने विचारलं, "म्हणजे आमच्या थिबा राजाच्या गावच्या तुम्ही?" इंग्रजांनी 1885 मध्ये थिबा राजाला पदच्युत केलं आणि पुढच्या वर्षी रत्नागिरीत आणून ठेवलं. 1916 मध्ये तो तिथेच वारला. थिबा पॅलेस पाहतच आई लहानाची मोठी झाली. त्या दोघींची मैत्री त्या एका प्रश्नापासून जमली. गावाहून नारळांचं पोतं आलं की चार नारळ बांकडे जायचे आणि दुसऱ्या दिवशी त्यांच्याकडून खावशाचं पातेलं आमच्याकडे यायचं. तेव्हा बा जाड शेवया वापरायच्या. पाकिटातल्या नूडल्स आमच्या गल्लीत मिळायला लागल्या त्या पुष्कळ नंतर.

आता कृतीकडे येतो. माप सांगताना माझी वाटी 200 मिलीची आहे, तुमची आधी एकदा मोजून घ्या. या पदार्थात पाण्याचं माप सगळ्यात महत्त्वाचं. नेहमीच्या पद्धतीत नूडल्स भरपूर पाण्यात उकडतात, पाणी ओतून देतात आणि नूडल्स गार पाण्याखाली धरतात. इथे त्या रश्शातच शिजतात. त्यांच्यातून सुटणारा स्टार्च मोरीत न जाता रश्शात राहतो आणि रस्सा नूडल्सना धरून बसतो. बा नेहमी तसंच करायच्या.

पाच जणांसाठी साध्या हक्का नूडल्सची 150 ग्रॅमची दोन पाकिटं घ्या. मसाल्याची पुडी असलेल्या झटपट नूडल्स नकोत. त्या बहुतेक तळून वाळवलेल्या असतात, दोन मिनिटांत मऊ होतात आणि या रश्शात त्यांचा लगदा होतो. गव्हाच्या पिठाच्या नूडल्स चालतात, त्यांना अर्धी वाटी पाणी जास्त लागतं. तांदळाच्या घेतल्या तर त्या नुसत्या गरम पाण्यात भिजवून शेवटी घाला. शिवाय एक मध्यम नारळ, तीन मोठे चमचे बेसन, तीन कांदे, लसणाच्या वीसेक पाकळ्या, दीड इंच आलं, अर्धा चमचा हळद, एक चमचा काश्मिरी मिरचीचं तिखट, दोन चमचे धने-जिरे पूड, गवती चहाच्या चार पाती आणि अर्धी वाटी शेंगदाणे लागतील. भाजी हाताशी असेल ती. मी एक गाजर, मूठभर फरसबी आणि फ्लॉवरचे चार तुरे घेतो. ग्रँट रोड स्टेशनजवळच्या भाजी गल्लीत हे सगळं मिळतं, गवती चहासुद्धा. वांगं, भेंडी आणि पालक घालू नका. पहिली दोन रश्शात विरघळतात आणि पालकाने रंग जातो.

नारळ घेताना कानाशी धरून हलवा. आत पाणी खळखळून वाजलं पाहिजे आणि डोळ्यांपाशी ओल किंवा बुरशी नसावी. नारळ खवून किंवा तुकडे करून मिक्सरमध्ये एक वाटी कोमट पाण्याबरोबर फिरवा आणि पंचातून घट्ट पिळा. हे झालं घट्ट दूध, साधारण एक वाटी निघतं. ते बाजूला झाकून ठेवा. तोच चोथा पुन्हा तीन वाट्या कोमट पाण्यात फिरवून पिळा, हे पातळ दूध. दोन्ही वेगळी ठेवायची, मिसळायची नाहीत. सोलकढी करणाऱ्या घरात हे सांगावं लागत नाही, पण पहिल्यांदा करणारा हमखास दोन्ही एकाच भांड्यात पिळतो. पाणी कोमटच घ्या. गारेगार पाण्याने नारळातलं तेल नीट सुटत नाही आणि कढत पाण्याने हात भाजतात. वेळ नसेल तर 200 मिलीचा तयार नारळाच्या दुधाचा डबा घ्या. तो घट्ट दुधाच्या जागी घालायचा आणि पातळ दुधाच्या जागी तीन वाट्या साधं पाणी. चव थोडी उतरते, पण पाळीच्या दिवशी मीही कधी कधी तेच करतो.

पातेलं जाड बुडाचं हवं, किमान पाच लिटरचं. आमच्याकडे मी पाच लिटरच्या कुकरचंच भांडं वापरतो, झाकण न लावता. त्याचं बूड जाड असतं, बेसन लागत नाही.

आधी कोरडी कामं. पातेलं मंद आचेवर ठेवून शेंगदाणे भाजा, काढा आणि गार झाल्यावर जाडसर कुटा, पीठ करू नका. त्याच पातेल्यात बेसन भाजायचं. आच मंद, हात थांबवायचा नाही. पाच-सहा मिनिटांनी लाडूच्या बेसनासारखा वास यायला लागतो, त्याच क्षणी ताटलीत काढा. पातेल्यात ठेवलंत तर गॅस बंद करूनही ते पुढे भाजत राहतं आणि कडू होतं. ही पायरी टाळू नका. कच्च्या बेसनाचा पिठूळ वास नंतर कितीही उकळलं तरी पुरता जात नाही, आणि नारळाच्या गोडसर चवीत तो फार जाणवतो.

मग तेलाची कामं. पातेल्यात अर्धी वाटी शेंगदाण्याचं तेल तापवा. दोन कांदे उभे, पातळ, सारख्या जाडीचे चिरून त्यात सोडा. जाडी सारखी नसेल तर काही करपतात आणि काही मऊ राहतात. मध्यम आचेवर दहा-बारा मिनिटं लागतात. कांदा पूर्ण तपकिरी व्हायच्या आधी, सोनेरी असतानाच झाऱ्याने काढा, ताटलीत पसरल्यावर तो आणखी एक छटा गडद होतो. पसरा, ढीग करू नका, नाहीतर स्वतःच्या वाफेने मऊ पडतो. त्याच तेलात दहा-बारा लसूण पाकळ्यांचे पातळ काप मंद आचेवर तळा आणि फिकट पिवळे झाले की लगेच काढा. लसूण लाल झाला की कडू लागतो.

आता पातेल्यातलं तेल फेकू नका. तीन चमचे ठेवून बाकीचं एका स्टीलच्या वाटीत काढा, मिनिटभर थांबा आणि त्यात दोन चमचे जाडसर कुटलेली लाल मिरची आणि चिमूटभर मीठ घाला. हे झालं मुलाचं तिखट तेल. लगेच घातलंत तर मिरची काळी पडते, फार थांबलात तर कच्ची राहते. तेलात घातल्यावर मिरची बारीक सळसळली की वेळ बरोबर साधली.

उरलेल्या तीन चमचे तेलात तिसरा कांदा बारीक चिरून परता. उरलेला लसूण आणि आलं वाटून घाला. कच्चा वास गेला की हळद, तिखट, धने-जिरे पूड आणि दोन चमचे पाणी घाला, म्हणजे मसाला जळत नाही. कडेने तेल सुटलं की भाज्या घालून दोन मिनिटं परता. मग चार वाट्या पाणी, मीठ आणि गाठ मारलेली गवती चहाची पाती घाला. मीठ हात राखून घाला, पाकिटातल्या पुष्कळशा नूडल्समध्ये मीठ आधीच असतं. पाच मिनिटं उकळू द्या.

तोवर भाजलेलं बेसन पातळ दुधात कालवा. दूध गार किंवा कोमट हवं, कढत नको. कढत द्रवात बेसनाच्या बाहेरचा थर लगेच फुगतो, आत कोरडं पीठ अडकतं आणि गुठळ्या होतात. कढीला बेसन लावताना घेतो तीच काळजी. आधी थोड्या दुधात पेस्ट करा, मग बाकीचं ओता. हे मिश्रण एका हाताने धार धरून, दुसऱ्या हाताने ढवळत पातेल्यात सोडा. आता बारीक आचेवर दहा मिनिटं उकळायचं. अधूनमधून तळाशी पळी फिरवत राहा, बेसन खाली बसतं.

या टप्प्यावर रस्सा पळीतून सोडून पाहा. तो पातळ कढीसारखा दिसला पाहिजे. पहिल्यांदा करणाऱ्याला वाटतं, फारच पाणी झालं, आणि तो आणखी आटवतो. तसं करू नका. 300 ग्रॅम नूडल्स अडीच वाट्यांच्या आसपास पाणी पिऊन टाकतात आणि वर स्टार्चने घट्टपणा येतो. आत्ताच दाट वाटत असेल तर उलट अर्धी वाटी कढत पाणी घाला.

नूडल्स आता. आईसाठी मी एका पाकिटातल्या अर्ध्या नूडल्स हाताने बोटभर तुकड्यांत मोडतो. त्या पातेल्याच्या एका कडेला जाळीच्या मोठ्या चहाच्या गाळणीत सोडतो, म्हणजे त्याच रश्शात शिजतात आणि वेगळ्या उचलता येतात. गाळणी नसेल तर सगळ्याच मोडून घाला, चवीत फरक पडत नाही. बाकीच्या अख्ख्या घाला, रश्शात दाबा आणि पहिलं मिनिट हात लावू नका. सैल व्हायला लागल्या की दोन काट्यांनी सोडवा. पळीने ढवळलंत तर तुटतात. पाकिटावर तीन-चार मिनिटं लिहिलेली असतात, ती साध्या पाण्याची. दाट रश्शात पाच-सहा लागतात. एक धागा चावून पाहा. मध्ये किंचित कचवट लागत असतानाच गॅस बंद करा, पातेल्याच्या उष्णतेने त्या पुढे शिजतात.

गॅस बंद केल्यावर घट्ट दूध घाला. आधी नाही. नारळाचं घट्ट दूध जोरात उकळलं की फुटतं, तेल वेगळं होतं आणि वर दाणेदार साका दिसतो. बेसन आणि स्टार्च त्याला थोडं सांभाळून घेतात, पण त्यावर विसंबू नका. हलकेच मिसळून पुन्हा अगदी मंद आचेवर वाफ येईपर्यंतच ठेवा, बुडबुडा दिसायच्या आत बंद. गवती चहाची गाठ काढा. मीठ आत्ता चाखून सारखं करा. लिंबू पातेल्यात पिळायचं नाही, आंबटानेही दूध फुटतं. लिंबू ज्याच्या त्याच्या वाडग्यात.

आणि खावशाची खरी मजा वाडग्यातच आहे. पातेल्यातला रस्सा मुद्दाम सौम्य ठेवायचा, बाकी सगळं वाट्यांमध्ये मांडायचं. आमच्याकडे जमिनीवर वर्तमानपत्र पसरून मध्ये पातेलं आणि भोवती वाट्या असतात: तळलेला कांदा, तळलेला लसूण, दाण्याचा जाड कूट, तिखट तेल, चिरलेला पातीचा कांदा आणि कोथिंबीर, उकडलेल्या अंड्याच्या फोडी, लिंबाच्या फोडी आणि साधी बेसनाची शेव. ब्रह्मदेशात वर डाळीची कुरकुरीत भजी मोडून घालतात. बांनी इथे येऊन त्याजागी शेव घातली, वाण्याकडे चार आण्यांत मिळणारी. शेव अगदी शेवटी, खायला बसल्यावरच. आधी घातली तर तिचं पिठलं होतं.

आईची स्वतःची एक वाटी वेगळी असते. त्यात तव्यावर कोरडा भाजून चुरलेला जवळा. बा शाकाहारी, त्यांच्या पातेल्याला तो कधी लागला नाही, पण आमच्या घरात आल्यावर आई आपल्या वाडग्यात हळूच भुरभुरायची. एकदा बांनी ते पाहिलं. आईला वाटलं आता वाईट वाटून घेतील. बा म्हणाल्या, रंगूनला सगळे असाच सुक्या कोळंबीचा चुरा घालतात, तूच बरोबर खातेस. हे सांगताना आईच्या चेहऱ्यावर अजून समाधान असतं. जवळा वापरणार असाल तर आधी चाळून वाळू काढा, डोकी-मिशा झटका आणि खिडकी उघडून भाजा.

मुलीसाठी एक युक्ती. गाजर-फरसबी तिच्या डोळ्यांसमोर असतात म्हणून ती निवडते. लाल भोपळ्याच्या चार फोडी पहिल्या पाण्यात उकळून पळीने चेचल्या तर त्या रश्शात पूर्ण मिसळतात, रंग आणखी सुंदर पिवळा येतो आणि बेसन अर्धा चमचा कमी लागतं. गोडवा किंचित वाढतो, म्हणून तिखट पाव चमचा वाढवा.

वाढताना आधी नूडल्स चिमट्याने वाडग्यात, वर रस्सा पळीने. पातेल्यातून एकदम ओतायला गेलात तर पहिल्या दोघांना नुसता रस्सा मिळतो आणि शेवटच्याला गोळा.

उरलं तर काय, आणि उशिरा येणाऱ्याचं काय, हा माझा रोजचा प्रश्न. नूडल्स रश्शात पडून राहिल्या की सगळं पिऊन फुगतात आणि दोन तासांत पातेल्यात खीर दिसते. म्हणून बायकोच्या वाट्याच्या नूडल्स मी कोरड्याच बाजूला ठेवतो, साधारण 60 ग्रॅम, म्हणजे अर्ध्या पाकिटाहून थोड्या कमी. आम्ही चौघं जेवायला बसण्याआधी तिच्यासाठी दोन वाट्या रस्सा काढून झाकतो. त्यात घट्ट दूध घालायच्या आधीचा रस्सा हवा, आणि पाव वाटी घट्ट दूध वेगळं फ्रिजमध्ये. चर्नी रोडला उतरल्यावर ती मोबाइलवर एक रिंग देते. त्यावर मी तेच पातेलं विसळून रस्सा आणि पाऊण वाटी पाणी उकळायला ठेवतो. ती पाय धुऊन येईपर्यंत नूडल्स पाच मिनिटं शिजलेल्या असतात. गॅस बंद, घट्ट दूध, वर उरलेला सगळा तळलेला लसूण. तो मी मुलांपासून लपवून ठेवलेला असतो. लिंबू ती स्वतः पिळते, अख्खं अर्धं.